दर्यावरची सही

मराठवाड्याच्या माणसाला समुद्राची ओढ असते, ओळख मात्र नसते. आमच्या फुलंब्री तालुक्यातून गिरजा नदी वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते. एरवी पाणी कुठे आहे, हे विहिरीत वाकून बघावे लागते. पाणी हा आमच्याकडे मोजण्याचा, वाटून घेण्याचा आणि प्रसंगी भांडण्याचा विषय. ज्या पाण्याला बांध नाही, हद्द नाही, सातबारा नाही, अशा पाण्यावर कोणी राज्य करावे आणि त्याचा करही वसूल करावा, ही गोष्ट आम्हाला सहजी उमगत नाही. त्यामुळेच की काय, कान्होजी आंग्रे हे नाव आमच्या शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एका परिच्छेदापुरते आले आणि परीक्षेबरोबर गेले.

वास्तविक आमच्या भागातल्या माणसाने हे नाव विसरण्याचे कारण नाही. शेजारच्या खुलताबादेत औरंगजेबाची कबर आहे. १६८१ साली दक्षिणेकडे निघालेला हा बादशहा १७०७ मध्ये मेला तोवर परत उत्तरेत गेला नाही. या पंचवीस वर्षांत त्याने विजापूर बुडवले, गोवळकोंडा बुडवला, संभाजीराजांना हाल करून मारले, रायगड घेतला. जमिनीवर मराठ्यांचे राज्य उरले की नाही, अशी अवस्था होती. त्याच पंचवीस वर्षांत कोकण किनाऱ्यावर कान्होजी नावाचा एक तरुण मराठ्यांचे मोडकळीला आलेले आरमार पुन्हा बांधत होता. बादशहाचे घोडदळ जिथे थांबत होते, तिथून कान्होजींचे राज्य सुरू होत होते. खुलताबादची कबर पाहणाऱ्याने एकदा अलिबागही पाहावे, असे मला वाटते ते यासाठी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे अलिबागला चार दिवस राहिलो. फुलंब्रीहून हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवायचा आणि रोज सकाळी निघून संध्याकाळी परत यायचे, असा बेत होता. साठी उलटलेल्या माणसांनी होडीत चढणे, शेवाळलेल्या दगडांवरून चालणे, गड चढणे यांना साहसच म्हटले पाहिजे. पण कान्होजींचे चरित्र पुस्तकात वाचण्यापेक्षा अशा पायपिटीत जास्त कळते, हेही खरे.

पहिल्या दिवशी खांदेरी. थळच्या किनाऱ्यावर कोळ्यांची होडी ठरवावी लागते. किनाऱ्यावरून बेट अगदी जवळ दिसते, पण होडी खुल्या पाण्यात शिरली की पोटात गोळा येतो. आमच्या तांडेलाला याचे काहीच वाटत नव्हते. बेटावर दोन टेकड्या, तट, चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा, कोळी ज्याला मानतात तो वेताळ आणि १८६७ साली बांधलेले दीपगृह. वर उभे राहिले की बेटाचे मोल समजते. मुंबई बंदरात जाणारी-येणारी जहाजे नजरेच्या टप्प्यात येतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इथे तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज खवळून उठले ते याच कारणाने. समुद्रावर झुंज झाली, वेढा पडला, तरी बांधकाम थांबले नाही आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. त्या वेळी कान्होजी दहा वर्षांचे होते. जन्म १६६९ चा, वडील तुकोजी महाराजांच्या आरमारात चाकरीला. मूळ आडनाव संकपाळ, अंगरवाडी या गावावरून आंग्रे झाले, असे सांगतात. खांदेरीची हकीकत या मुलाच्या कानांवर पडली नसेल, असे मला वाटत नाही. शत्रूच्या दाराशी आपला एक दगड असला की त्याची झोप उडते, हा धडा कान्होजींनी पुढे आयुष्यभर वापरला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरी आहे.

दुसऱ्या दिवशी पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला मुरूड गाठले. तिथून पुढे राजपुरीला शिडाच्या होडीत बसून जंजिरा. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे हेच कळत नाही. आमचे खडकी गाव, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर हबशी होता आणि जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच. आफ्रिकेतून आलेल्या या माणसांनी एकीकडे आमच्या शहराला नहरींनी पाणी पाजले आणि दुसरीकडे या पाण्यात असा किल्ला राखला की तो शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजीराजांना मिळाला नाही आणि कान्होजींनाही मिळाला नाही.

कान्होजींचे नाव पुढे आले ते मात्र याच सिद्द्याच्या निमित्ताने. सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला असताना किल्लेदार फितूर होण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी त्याला कैद केले, शिबंदी हाताखाली घेतली आणि किल्ला वाचवला, अशी परंपरेने आलेली हकीकत आहे. छत्रपती राजारामांच्या काळात ते चढत गेले. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजरांच्या मागे आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि सरखेल हा किताब मिळाला. खजिना रिकामा, अशा काळात मिळालेली ही जबाबदारी होती. आरमाराचा खर्च सरखेलाने आपला आपण उभा करायचा होता.

तो कसा उभा केला, हा माझ्या कुतूहलाचा खरा विषय. मी बँकेत तीस वर्षे काढली. पीककर्जे, तारण, हमीपत्रे यांत आयुष्य गेले. त्यामुळे लढायांपेक्षा दस्तकाकडे माझे लक्ष आधी जाते. दस्तक म्हणजे परवाना. किनाऱ्यावरून माल नेणाऱ्या जहाजाने सरखेलाकडे ठरलेली रक्कम भरायची आणि कागद घ्यायचा. कागद असला की आंग्र्यांच्या हद्दीत त्या जहाजाला कोणी हात लावणार नाही. नसला तर जहाज मालासकट धरले जाणार. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले आणि त्यांच्या पुस्तकांतून कान्होजी जगभर चाचे म्हणून गेले. पण पोर्तुगीज असेच परवाने सोळाव्या शतकापासून विकत होते आणि स्वतः इंग्रजही ते देत होते. चाचा पावती देत नाही. जो पैसे घेऊन कागद देतो आणि त्या कागदाचा मान राखतो, त्याला व्यवहाराच्या भाषेत सरकार म्हणतात.

भांडणाचे मूळ आणखी खोल होते. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांबद्दल कान्होजी एक वेळ तडजोड करायला तयार होते. पण सुरतेच्या आणि मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजांच्या निशाणाखाली जाऊ लागला, तो त्यांना मान्य नव्हता. बँकेत आम्ही याला बेनामी खाते म्हणत असू. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि हेतू कर चुकवण्याचा. १७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या चकमकीत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदेत पडली. पुढच्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. हाही हिशेबाचा भाग आहे आणि तो झाकून कान्होजी मोठे होत नाहीत. कैदी आणि खंडणी त्या काळच्या सगळ्याच दर्यावर्दी सत्तांच्या जमेच्या बाजूला असे. एका दर्यावर तीन-चार सत्तांचे परवाने चालू झाले की लहान व्यापाऱ्याला प्रत्येकाचा हात ओला करावा लागतो, त्याची दाद कुठे लागत नाही.

याच सुमारास घरातला तंटाही मिटला. छत्रपती शाहू आणि ताराबाई यांच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथ वाटाघाटीला आले. हे गृहस्थ मूळचे श्रीवर्धनचे, सिद्दीच्या त्रासाने घाटावर आलेले. दोघेही कोकणची माणसे, दोघांचा वैरी एक. तलवार न उपसता काम झाले. कान्होजी शाहूंच्या पक्षात आले आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली, सरखेलीही राहिली. मराठेशाहीतला हा फार शहाणपणाचा करार होता, असे माझे मत आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही रेवदंड्याचा पडका पोर्तुगीज कोट पाहिला आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडचा कोर्लई गड चढलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे घोड्याच्या पाठीसारखी डोंगराची सोंड. पायथ्याच्या गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून बोलतात. माथ्यावर वारा असा की टोपी हातात धरावी लागते. इथून पाहताना कान्होजींची कोंडी लक्षात येते. उत्तरेला मुंबईचे इंग्रज, दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी आणि मधोमध चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज. १७१५ च्या अखेरीस मुंबईला आलेल्या गव्हर्नर बूनने शहराभोवती तट बांधला, आरमार वाढवले आणि आंग्र्यांना संपवायचे मनावर घेतले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर केला, फसला. १७२० मध्ये तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्गावर गेले, तोही फसला.

मग १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे, सुमारे सहा हजार माणसे आणि चौलचा तळ. रोख होता कुलाब्यावर, कान्होजींच्या मुख्य ठाण्यावर.

तो कुलाबा आम्ही चौथ्या दिवसासाठी राखून ठेवला होता, कारण त्या दिवशी अष्टमी होती. कोकणातला साधा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे भरदुपारी ओहोटी. व्याजाच्या कोष्टकासारखा हा हिशेब मला फार आवडला. घोडागाडी मिळते, पण आम्ही चालत गेलो. गुडघ्याखाली पाणी, पायांखाली चिकट वाळू आणि कालवांनी भरलेले खडक. शिवाजी महाराजांनी अखेरच्या दिवसांत सुरू केलेला आणि संभाजीराजांच्या काळात पुरा झालेला हा किल्ला. तटाचे अवजड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले, लाटेचा जोर फटींत जिरून जावा म्हणून. चहूकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर. आमच्याकडच्या माणसाला त्या विहिरीपाशी थोडा वेळ थांबावेसेच वाटते.

या तटावरून १७२१ ची लढाई समजायला सोपी जाते. मोठी जहाजे खोल पाण्याशिवाय जवळ येऊ शकत नाहीत. कान्होजींची गुराबे आणि गलबते उथळ पाण्यात चालणारी. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत. जमिनीवरून हल्ला करावा, तर दिवसातून दोनदा वाट पाण्याखाली जाते. त्यातच शाहूंच्या वतीने तरुण पेशवा बाजीराव घोडदळ घेऊन मदतीला उतरला. बाळाजी विश्वनाथांनी केलेला करार त्यांच्या मुलाने पाळला. हल्ला मोडला, पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज त्यांना दूषणे देत मुंबईला परतले.

पुढे सात वर्षांनी, ४ जुलै १७२९ रोजी, कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. जिवंतपणी त्यांचा एकही मोठा किल्ला इंग्रजांना घेता आला नाही. पण त्यांच्या मागे जे झाले, ते समाधीपाशी उभे राहून आठवावे असे आहे. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले. मग मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्गाला, अशी घराची वाटणी झाली. पुढे तुळाजीचे पेशव्यांशी हाडवैर जमले. शेवटी नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. जे बूनला साधले नव्हते, ते घरच्या भांडणाने साधून दिले. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. कुलाब्याचे संस्थानही वारस नाही म्हणून १८४० मध्ये कंपनीने खालसा केले.

माझ्या जुन्या धंद्यात एक नियम असतो. सही करणारा अधिकारी बदलतो, निवृत्त होतो, मरतोही. कागद चालत राहतो, कारण त्याच्यामागे संस्था उभी असते. कान्होजींच्या दस्तकामागे कान्होजी उभे होते. दूर देशातून आलेल्या कंपनीत मात्र एक गव्हर्नर हरला की दुसरा येत होता आणि वही पुढच्या पानावर चालू राहत होती. कान्होजींच्या पराक्रमात कुठे उणे नव्हते, पण त्यांची सही पुढे चालवणारी कचेरी त्यांना किंवा मराठी राज्याला उभारता आली नाही.

ती कचेरी फार उशिरा आली. १९५१ साली भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिले. हा तळ कंपनीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी आहे. ज्या गव्हर्नरांनी कान्होजींना चाचा ठरवले, त्यांच्याच जागेवर आता आंग्र्यांचे नाव आहे, आणि तिथला अधिकारी दर काही वर्षांनी बदली होऊन जातो.