परमवीरचक्राच्या रचनाकार : कै. सावित्रीबाई खानोलकर

एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र स्मरणिकेतून वाचकांस सादर करावे, हा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र निवडले आहे त्या जन्माने आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. किंबहुना या देशाच्याही नव्हेत. तथापि भारतीय सैनिकाच्या छातीवरील सर्वोच्च मानचिन्ह ज्यांच्या कल्पनेतून साकारले त्या सावित्रीबाई खानोलकर महाराष्ट्रीय घराण्याच्या सून होत्या. ज्या घरांत वाडवडिलांची सैनिकी वा मुलकी पदके आहेत, त्या घरांना तर हे चरित्र विशेष जवळचे वाटेल असा आमचा विश्वास आहे.

सावित्रीबाईंचे माहेरचे नाव ईव्ह युवॉन मादाय द मारोस. त्यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. वडील हंगेरियन, समाजशास्त्राचे प्राध्यापक; आई रशियन. मातृसुखास त्या लहानपणीच अंतरल्या. वडील पुढे जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयात काम करीत असत. तेथील पुस्तकांत रमणाऱ्या या मुलीस भारतविषयक ग्रंथांनी वेड लावले. मनाने त्या भारतात आल्या त्या अशा, प्रत्यक्ष पाऊल पडण्याच्या कितीतरी आधी.

१९२९ साली इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात शिकणारे विक्रम रामजी खानोलकर सुटीत स्वित्झर्लंडला गेले असता उभयतांची ओळख झाली. इतक्या दूरच्या देशात मुलगी देण्यास वडील राजी नव्हते. परंतु निश्चयास पक्क्या असलेल्या ईव्हने काही वर्षांनी भारताची वाट धरली. १९३२ मध्ये लखनौ येथे विवाह झाला. हिंदू धर्म स्वीकारून त्यांनी सावित्री हे नाव धारण केले.

नाव बदलणे सोपे, जीवन बदलणे कठीण. सावित्रीबाईंनी ते कठीण कार्य आनंदाने केले. मांसाहार सोडला, लुगडे नेसू लागल्या, मराठी, हिंदी व संस्कृत या भाषा आत्मसात केल्या. पतीची नेमणूक पाटण्यास झाली तेव्हा तेथील विद्यापीठात अध्ययन केले. चित्रकला, संगीत आणि नृत्य यांतही त्यांनी गती मिळविली. नृत्यात उदय शंकर यांचे शिष्यत्व पत्करले. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. येथे आम्ही वाचकांस एक प्रश्न विचारू इच्छितो. १९३२ साली, ज्ञातीबाहेरचा विवाहही जेथे अक्षम्य मानला जाई, तेथे या परदेशी सुनेला आपल्यापैकी किती घरांनी देवघराचा उंबरठा ओलांडू दिला असता? उत्तर फारसे अभिमानास्पद असेल असे आम्हांस वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश राजसत्तेच्या व्हिक्टोरिया क्रॉससारख्या पदकांऐवजी देशाची स्वतःची शौर्यपदके हवी होती. त्यांच्या सिद्धतेचे काम ॲडज्युटंट जनरल मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होते. भारतीय पुराणे व प्रतीके यांचे ज्ञान आणि चित्रकाराचा हात या दोहोंचा संगम त्यांना सावित्रीबाईंच्या ठायी आढळला. वृत्रासुर कोणत्याही शस्त्राने मरेना, तेव्हा दधीची ऋषींनी देहत्याग करून आपल्या अस्थी देवांना दिल्या आणि त्यांतून इंद्राचे वज्र घडले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. जे शस्त्र देहदानातून निर्माण झाले तेच वीराच्या पदकावर शोभेल, हे मात्र न्यूशातेलमध्ये जन्मलेल्या या विदुषीस सुचले.

परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली व ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. हे पदक कांस्याचे, वर्तुळाकार, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच व्यासाचे असून फीत जांभळी आहे. दर्शनी बाजूस मध्यभागी राजमुद्रा व तिच्याभोवती चार वज्रे. मागील बाजूस हिंदी व इंग्रजी अक्षरांत पदकाचे नाव आणि दोहोंच्या मध्ये दोन कमलपुष्पे. सोने नाही, रत्न नाही. शौर्याचे मोल धातूच्या मोलाने होत नाही, हेच जणू या साधेपणातून सुचविले आहे. महावीरचक्र, वीरचक्र व अशोकचक्र यांच्या रचनेचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते.

दैवयोग असा की, पहिले परमवीरचक्र ज्यांना मरणोत्तर मिळाले ते मेजर सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे दीर होते. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे, हात प्लास्टरमध्ये असतानाही, लढता लढता त्यांना वीरमरण आले. १९४७ ते १९९९ या काळातील पराक्रमासाठी २१ वीरांना हे पदक लाभले; त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. दधीचीची कथा अशी वारंवार खरी ठरली.

पदकांचा संग्रह करणाऱ्यांत आज मोठी हौस आहे आणि तिच्या पाठोपाठ नकली पदकेही बाजारात येतात. म्हणून काही गोष्टी आमच्या वाचकांस ठाऊक असाव्यात. अस्सल पदक बहुधा ठशाने उठविलेले असते, त्यामुळे त्याच्या रेषा धारदार दिसतात. अस्सलाचा साचा घेऊन ओतलेली प्रतिकृती धातू थंड होताना किंचित आकसते व तिचे बारकावे बोथट होतात. फितीवर विसंबू नये. ती जीर्ण झाली की बदलली जाते. खरी ओळख कोरलेल्या नावात. दुसऱ्या महायुद्धातील मोहिमांची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र क्रमांक व नाव कोरलेले असे. शौर्यपदक असेल तर ते नाव राजपत्रातील घोषणेशी ताडून पाहता येते. कोरलेले नाव खरवडून नवे घातले असेल, तर तेवढ्या जागी कड खोलगट वा पातळ झालेली आढळते.

जी चिकित्सा धातूची, तीच कथेचीही करावी लागते. परमवीरचक्रावर शिवछत्रपतींची भवानी तलवार कोरलेली आहे, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. महाराष्ट्रीय मनाला ते सुखावते. परंतु शासनाच्या अधिकृत वर्णनात केवळ चार वज्रे व राजमुद्रा यांचाच उल्लेख आहे. पदकाचा गौरव वाढविण्यासाठी नसलेल्या तलवारीची जोड देण्याचे कारण नाही.

मेजर जनरल विक्रम खानोलकर १९५२ मध्ये निवर्तले. सावित्रीबाईंनी दुःख गिळून अध्यात्माची वाट धरली व रामकृष्ण मठाचा आश्रय घेतला. सैनिक, त्यांची कुटुंबे आणि फाळणीत विस्थापित झालेले लोक यांच्यासाठीही त्या झटल्या होत्या. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे देहावसान झाले.

ज्ञातिबंधू-भगिनींस आमची एक विनंती आहे. आपल्या घरी पदके असतील तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका. घासण्याने कोरलेले नाव झिजते. ती ज्याला मिळाली त्याचे नाव, पथक, वर्ष व गाव कागदावर लिहून, सोबतच्या सनदा व पत्रांसह एकत्र ठेवा. अडचणीच्या दिवसांत पदके विकली गेली व कागद मागे राहिले, किंवा कागद रद्दीत गेले व पदके राहिली, अशी उदाहरणे थोडी नाहीत. दोहोंची ताटातूट झाली की वीराची ओळख पुसली जाते.

आपल्या मंडळाच्या नोंदवहीत नाव येते ते जन्माने वा विवाहाने. ती नोंद खोटी नव्हे, पण ती पुरेशीही नव्हे. सावित्रीबाईंपाशी या भूमीचा जन्माचा दाखला नव्हता. त्यांनी अध्ययनाने, आचरणाने आणि सेवेने तो मिळविला. आपल्या घरांत बाहेरून येणाऱ्या सुना व जावई यांच्याकडे पाहताना हे चरित्र ज्यांना आठवेल, त्यांच्यासाठीच आम्ही ते येथे सादर केले आहे. त्यांच्या पावन स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.