कमलाबाई सोहोनी

ताडा-शिंदीची नीरा आपणांस ठाऊक आहे. परंतु तिचे गुण प्रयोगशाळेंत पारखणाऱ्या विदुषीचें चरित्र पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून तें आम्ही येथें संक्षेपानें देतों.

कमलाबाई भागवत यांचा जन्म इ. स. १९११ सालीं इंदूर येथें झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकानें मिळवून १९३३ सालीं त्या बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत गेल्या. त्या स्त्री आहेत, एवढ्याच कारणास्तव संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं त्यांस प्रवेश नाकारला. कमलाबाई मागें हटल्या नाहींत. अखेर कठोर अटी पतकरून त्यांनीं वर्षभरांत आपली योग्यता सिद्ध केली आणि पुढें त्या संस्थेचें दार मुलींस उघडलें. केंब्रिज येथें बटाट्यावर संशोधन करून, पेशींच्या श्वसनास लागणारें सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींतही असतें, असें त्यांनीं दाखविलें व १९३९ सालीं डॉक्टरेट संपादिली.

पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत अध्यापन करीत असतां त्यांनीं नीरेचा अभ्यास केला. नीरेंत क जीवनसत्त्व असतें. चिरलेलें वांगें हवेंतील प्राणवायूमुळें काळें पडतें; प्राणवायूच्या अशाच क्रियांनीं शरीरांतील पेशींचीही हानि होते, तिला हें जीवनसत्त्व आवर घालतें. हल्लीं समुद्रशैवालांतही असल्या संरक्षक द्रव्यांचा शोध चालू आहे. नीरेच्या सेवनानें कुपोषित आदिवासी मुलांची प्रकृति सुधारल्याचें कमलाबाईंस आढळलें. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें.

मुलीस अधिक शिकवून काय करावयाचें, असें ज्या पालकांस वाटतें, त्यांनीं हें चरित्र पुन्हां एकदां वाचावें. जिला दारावरून परत धाडिलें, तिच्याच विद्येचा लाभ गरिबांच्या उपाशी लेकरांस झाला.