पाऱ्याची रेघ आणि केरूनाना

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझा धाकटा भाऊ आजारी पडला. चुलीपुढून उठलेल्या मायने त्याच्या कपाळाला हात लावला आणि अंग जरासे कोमट आहे म्हणून ती शेतात गेली. संध्याकाळी थर्मामीटर लावला, तो ताप 103 अंश! चुलीने तापलेल्या हाताला तापाचा अंदाज आला नव्हता. भाऊ बरा झाला. पण त्या दिवसापासून मोजमापाविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. म्हणूनच कै. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांचे चरित्र मला जवळचे वाटते.

केरूनाना अलिबागजवळच्या नागावचे. शिक्षणासाठी ते मुंबईस आले. प्रा. ऑर्लिबार यांनी त्यांची बुद्धी हेरली आणि 1840 च्या सुमारास, मिसरूडही न फुटलेल्या वयात, ते कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक झाले. तेथे त्यांनी अनेक वर्षे चुंबकत्व व हवामान यांची निरीक्षणे केली.

उष्णतामापकाचे तत्त्व साधे आहे. पारा तापला की प्रसरण पावतो. खालच्या फुग्यातील पारा केसासारख्या बारीक नळीत चढतो, म्हणून त्याची अल्पशी वाढही डोळ्यांना स्पष्ट दिसते. वितळणारे बर्फ आणि उकळते पाणी या दोन खुणांमध्ये सारखे भाग पाडले की झाली मोजपट्टी. कठीण असते ती शिस्त. हवेचे तापमान घेताना यंत्र सावलीत हवे, डोळा पाऱ्याच्या पातळीत हवा आणि वेळ चुकता कामा नये. एक आकडा मनाने लिहिला की पुढचे सारे गणित नासते.

हीच शिस्त नानांनी पुढे आकाशालाही लावली. जुन्या पंचांगांतील गणित प्रत्यक्ष ग्रहस्थितीशी जुळेना, तेव्हा त्यांनी परंपरेपेक्षा वेधावर विश्वास ठेवला. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ 1860 साली प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग उभे राहिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते गणित शिकवीत. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. 1884 साली नाना निवर्तले.

आपल्या जिल्ह्यात घाटावरचे लोक थंड हवेची बढाई मारतात, घाटाखालचे उन्हाची. फरक किती अंशांचा, हे मात्र कोणी सांगत नाही. मायेचा हात हवाच. पण त्याच्या जोडीला पाऱ्याची रेघही हवी. आता आमच्या घरी देवळीत थर्मामीटर असतो, आणि मायही आकडा विचारते.