शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

यंदाच्या गणेशोत्सव स्मरणिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप नेहमीप्रमाणे आला. मधुमेह, रक्तदाब आणि ड जीवनसत्त्व या विषयांवर मी या पानांतून इतके लिहिले आहे की आता वाचकांना त्या लेखांचाच त्रास होत असेल! म्हणून या वेळी डॉक्टरी थोडी बाजूला ठेवून एका शिक्षिकेची जीवनकथा सांगायचे ठरवले आहे.

त्याला निमित्तही तसेच आहे. आपल्या मंडळातल्या तरुण आईवडिलांमध्ये सध्या मुलांना घरीच शिकवण्याचा विषय फार निघतो. २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या, मुले घरी बसली आणि काही घरांनी त्यांना पुन्हा शाळेत पाठवलेच नाही. कुठे चार-पाच कुटुंबे मिळून एकाच्या बेसमेंटमध्ये वर्ग भरवतात. गणित एकीकडे, विज्ञान दुसरीकडे, गाणे तिसरीकडे. अमेरिकेत १९९३ पासून पन्नासही राज्यांत घरी शिकवण्याला कायद्याची मुभा आहे, त्यामुळे अडचण कायद्याची नसते. अडचण आजी-आजोबांची असते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना हे सगळे अमेरिकन खूळ वाटते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सुनांसाठीही ताराबाई मोडकांची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण हे खूळ आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाले होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, आणि त्या घरात मुलीने शिकण्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या हे ध्यानात घ्यावे. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला. एक मुलगी झाली. संसार मात्र टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. आज आपण हे एका वाक्यात वाचून पुढे जातो. १९२१ साली, पदरात लहान मूल असताना, नवऱ्याचे घर सोडून स्वतःच्या कमाईवर उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या पणज्यांनाच करता आली असती.

त्या गेल्या राजकोटला. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती, पगार होता. आमच्या पिढीच्या हिशेबाने गाडी रुळावर आली होती. ती त्यांनी दोन वर्षांत सोडली.

इथे गिजुभाई बधेका यांच्याकडे वळायला हवे. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याला शिकवायचे कुठे, या चिंतेने त्यांना घेरले. आजूबाजूच्या शाळांत छडी आणि घोकंपट्टी. आपल्या मुलाला तिथे घालायला मन धजेना. मग त्यांनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा अभ्यास केला, वकिली सोडली आणि १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत दाखल झाले. १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या भरघोस मिशा आणि मुलांवरची माया यामुळे गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले. एका बापाला स्वतःच्या पोराची काळजी वाटली आणि त्यातून शाळा निघाली. आपल्या बेसमेंटवाल्या मंडळींना यात आपला चेहरा दिसायला हरकत नाही.

१९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून या बालमंदिरात आल्या. ज्या वयाची मुले इतरांच्या हिशेबी शाळेच्या लायकीचीच नसत, त्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये त्या जमिनीवर बसू लागल्या. मुलीला शिकवायला जागा हवी होती हेही असेल. पण त्यांचे लक्ष लवकरच आपल्या एका मुलीपलीकडे गेले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंनी आणि त्यांनी मिळून शिक्षणपत्रिका चालवली आणि पुढे मराठी शिक्षणपत्रिकेची जबाबदारी ताराबाईंनी घेतली. त्यानंतर त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तिथे चालले. दादरच्या मध्यमवर्गीय घरांतली मुले बालमंदिरात जाऊ लागली ती अशी.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. माँटेसरीबाई मुळात डॉक्टर होत्या. १८९६ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, आणि १९०७ मध्ये त्यांचे पहिले बालगृह उघडले ते रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत, मजुरांच्या मुलांसाठी. आपल्यापैकी ज्यांनी इथे माँटेसरी शाळेची फी भरली आहे त्यांना हे वाचून हसावे की रडावे कळणार नाही. गरिबांसाठी निघालेली चांगली वस्तू श्रीमंतांच्या दारी जाऊन थांबते, हे औषधांच्या बाबतीत मी रोज पाहते. मुंबईतही तसेच होऊ घातले होते. बालशिक्षण ही ऐपतदार घरांची हौस ठरत होती.

१९४५ मध्ये ताराबाईंनी मुंबई सोडली. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. मी त्याच वयाच्या आसपास आहे आणि माझ्या मैत्रिणींमध्ये या वयात गोष्टी निघतात त्या गुडघ्यांच्या, मुलांच्या लग्नांच्या आणि निवृत्तीनंतर कोणत्या राज्यात राहायचे याच्या. ताराबाई गेल्या बोर्डीला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबत आल्या अनुताई वाघ. त्या ३५ वर्षांच्या होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, आणि त्यानंतर जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका, असा त्यांचा प्रवास. या दोघींचे काम पुढे इतके एकजीव झाले की एकीचे नाव घेताना दुसरीचे आपोआप येते.

बोर्डीला बालवाडी निघाली. आणि मुले आली नाहीत! म्हणजे गावातली काही आली, पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती गरिबांची, हरिजन वस्तीतली, आदिवासी पाड्यांतली मुले आली नाहीत.

आम्हा डॉक्टरांचे असे झाले की आम्ही फाइलमध्ये लिहून टाकतो की रुग्ण सहकार्य करत नाही, आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. ताराबाईंनी मुले का येत नाहीत याचा शोध घेतला. कारणे साधी होती. आईबाप पहाटे मजुरीला जातात. मुलाला अंघोळ घालून, केस विंचरून, वेळेवर पाठवायला घरात कोणी नसते. शाळेची जागा परकी, माणसे परकी. मग शाळाच वस्तीत न्यायची ठरली. शिक्षिका पाड्यावर जायची, एखादे अंगण झाडून घ्यायची, मुले गोळा करायची. आधी अंघोळ, नखे, केस, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून ती अंगणवाडी. घराच्या ओट्यावरून म्हातारी आजी सगळे बघत असे. आपल्या नातवंडांना काय शिकवतात हे तिला दिसत असे, त्यामुळे भीती हळूहळू जाई.

अंघोळीचे महत्त्व माझ्यासारखीला पटकन कळते. खरूज, डोक्यातल्या उवा, चिघळलेली जखम घेऊन बसलेल्या मुलाचे चित्त कोणत्याही गोष्टीत लागत नाही. ताराबाईंनी स्वच्छतेला शिक्षणाच्या आधीची पायरी न मानता शिक्षणाचाच पहिला धडा मानले.

साहित्याचेही तसेच. माँटेसरीची साधने सुबक, पण महाग. डहाणूच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले फुकट मिळत होते. बिया, पाने, खडे, काड्या होत्या. मोजायला, लावायला, लहान-मोठे ओळखायला याहून वेगळे काय लागते? मूल ते हाताळतच वाढलेले, त्यामुळे हे तुटेल का, हरवेल का, ही धास्ती नाही. इथल्या दुकानांत लाकडी ठोकळ्यांच्या संचावरची किंमत पाहिली की मला हटकून त्या शिंपल्या आठवतात.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंची पासष्टी आली होती. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. याच टापूत १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांकडे राबलेली ही माणसे. शाळा नावाच्या गोष्टीवर त्यांनी चटकन विश्वास ठेवावा तरी का?

तिथे नवी अडचण दिसली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. तिला शाळेत आणायचे तर भावंडालाही आणले पाहिजे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या आणि त्याला विकासवाडी असे नाव मिळाले. मोठी बहीण अक्षरे गिरवते, मधला बालवाडीत खेळतो, धाकटा पाळण्यात झोपतो. गुरे राखणारी मुले तरीही येईनात, कारण गुरांना सुट्टी नसते. मग शिक्षिका कुरणात गेल्या. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला, ती कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले.

या सगळ्यात मला सर्वांत मोठे वाटते ते असे, की प्रत्येक वेळी मूल आले नाही तेव्हा त्यांनी मुलाला वा आईबापांना बोल न लावता शाळेचा आकार बदलला. आपल्याकडच्या छोट्या शाळांबद्दल मला कौतुक आहे, पण एक खटकतेही. त्या बहुतेक अशाच घरांच्या असतात जिथे एकाच्या पगारात भागते आणि दुसऱ्याकडे पदवी आणि वेळ दोन्ही असतात. दुकान चालवणारे, रात्रपाळी करणारे मराठी कुटुंबही आपल्या गावात आहे. त्यांचे मूल त्या बेसमेंटमध्ये मला अजून दिसलेले नाही. गिजुभाई आणि ताराबाई दोघांनीही स्वतःच्या अपत्यापासून सुरुवात केली होती, तेव्हा सुरुवातीला नाव ठेवण्याचे कारण नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्याही गेल्या. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. तमिळनाडू असो की आसाम, शब्द तोच.

एम.बी.बी.एस.नंतर इंटर्नशिपमध्ये मी काही महिने ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लसीकरणाच्या दिवशी आमची जीप तास-दीड तास उशिरा पोचायची. तोवर अंगणवाडीच्या ताईंनी पंचवीस-तीस मुले ओळीत बसवलेली असत. कुणाचे वजन गेल्या महिन्यापासून घटले, कुणाची आई माहेरी गेली आहे, कुणाला ताप येऊन गेला, सगळे त्यांना तोंडपाठ. वजनाच्या तक्त्यावरचे त्यांचे ठिपके आमच्या केसपेपरपेक्षा नेटके असत. परीक्षेसाठी आम्ही योजनेचे साल पाठ केले होते. तो शब्द बोर्डीच्या कोणत्या अंगणातून आला, हे पुस्तकात नव्हते. त्या ताईंचे मानधन मात्र तेव्हाही तुटपुंजे होते.

ताराबाईंच्या आयुष्यावर रत्नाकर मतकरींनी ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले आहे. आपले मंडळ पुढच्या वर्षीच्या नाटकाचा शोध घेते आहे असे ऐकते, आणि दरवर्षी विनोदी नाटकच हवे असा आग्रह धरणाऱ्यांत आमच्या घरातलेही एक गृहस्थ आहेत. तरी नाट्यसमितीने संहिता मिळवून एकदा वाचावी. तालमींसाठी माझे बेसमेंट रिकामे आहे, मुलांनाही सोबत आणले तरी चालेल.