कार्बनला खूण करणारे रूबेन

पीक आपला देह मुख्यत्वे हवेतून आणि पाण्यातून घडविते, मातीतून नव्हे, हे जिनिव्हाच्या थिओडोर द सोस्यूर यांनी १८०४ मध्येच दाखवून दिले होते. परंतु हवेतून घेतलेल्या कार्बनची वाटणी ते पुढे कशी करते, हा प्रश्न त्यानंतर शतकाहून अधिक काळ तसाच राहिला. कणीस तोलता येते, कडबा तोलता येतो, कष्टाने धुऊन काढली तर मुळेही तोलता येतात. मुळांनी श्वासावाटे सोडलेला आणि पाझरून मातीस दिलेला कार्बन मात्र तराजूत येत नाही. मातीत जुना कार्बन मुबलक असतो आणि नवा त्याहून ओळखू येत नाही. तेव्हा हा हिशेब मांडावयाचा तर कार्बनच्या अणूलाच खूण करावयास हवी होती. ती खूण ज्यांनी मिळवून दिली, त्या सॅम्युअल रूबेन यांना वयाची तीस वर्षेही लाभली नाहीत.

रूबेन यांचा जन्म १९१३ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. शिक्षण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले आणि १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर ते तेथेच रसायनशास्त्र शिकवू लागले. विद्यापीठात अर्नेस्ट लॉरेन्स यांचे सायक्लोट्रॉन होते आणि त्यावर मार्टिन केमेन हा तरुण रसायनज्ञ काम करीत होता. दोघांची जोडी जमली. केमेन यांनी यंत्रावर किरणोत्सर्गी कार्बन तयार करावयाचा आणि रूबेन यांनी तो वनस्पतीला देऊन तिच्या पोटात त्याचे काय होते ते पाहावयाचे, अशी कामाची विभागणी ठरली.

हा कार्बन म्हणजे कार्बन-११. त्याचे अर्धायुष्य सुमारे वीस मिनिटांचे. म्हणजे दोन तासांत त्याचा चौसष्टावा हिस्सा उरावयाचा. त्यामुळे यंत्रातून नमुना निघताच तो धावत प्रयोगशाळेत न्यावयाचा, जवाच्या पानांना तो वायू द्यावयाचा, पाने उकळून अर्क काढावयाचा आणि मोजणी संपवावयाची, हे सारे घड्याळाशी शर्यत लावून चाले. झेव्ह हासिद या जीवरसायनज्ञांच्या सहकार्याने त्यांनी १९३९ मध्ये या प्रयोगांचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानात कार्बन प्रथम कोठे जातो याचा काही अंदाज त्यातून आला. परंतु पानातून खोडात, खोडातून मुळात आणि मुळातून मातीत होणारा प्रवास दिवसांचा आणि आठवड्यांचा असतो. एवढ्या लांबच्या वाटसरूचा माग वीस मिनिटांच्या दिव्याने कसा लागावा?

दीर्घायुषी कार्बनचा शोध म्हणून निकडीचा होता, पण त्याविषयी आशा फारशी नव्हती. कार्बन-१४ असलाच तर तो अल्पायुषी असणार, अशी सिद्धांतवाद्यांची समजूत होती. केमेन यांनी ग्रॅफाइटवर सुमारे १२० तास ड्यूटेरॉनांचा मारा केला आणि फेब्रुवारी १९४० मधील एका पावसाळी पहाटे तो नमुना रूबेन यांच्या मेजावर ठेवून दिला. त्या महिन्याच्या अखेरीस शोध पक्का झाला. कार्बन-१४ चे अर्धायुष्य आज सुमारे ५,७३० वर्षे मानले जाते. शोधनिबंधावर रूबेन यांचे नाव प्रथम आले, कारण त्यांची विद्यापीठातील जागा पक्की झालेली नव्हती आणि केमेन यांनी मनाचा मोठेपणा दाखविला. विज्ञानाच्या इतिहासात अशा गोष्टी क्वचितच नोंदल्या जातात.

पुढच्याच वर्षी जड ऑक्सिजन वापरून रूबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की वनस्पती सोडते तो प्राणवायू पाण्यातून येतो, कर्बवायूतून नव्हे. यानंतर कार्बन-१४ ची पाळी यावयाची. पण युद्ध आले. रूबेन युद्धविषयक संशोधनात ओढले गेले आणि जवळचा कार्बन-१४ चा साठा त्यांनी अँड्र्यू बेन्सन या तरुण सहकाऱ्याच्या हाती सोपविला. त्यांच्याकडे आलेले काम फॉस्जीन या विषारी वायूचे होते. फुफ्फुसात तो नेमका काय करतो, हे कार्बन-११ च्या खुणेनेच तपासावयाचे होते. अतिश्रमाने थकून मोटारीचा अपघात झाला, हात मोडला, तरी काम थांबले नाही. २७ सप्टेंबर १९४३ रोजी फॉस्जीनची काचेची कुपी द्रवरूप हवेत ठेवताना फुटली. दुसऱ्या दिवशी रूबेन वारले. मागे पत्नी आणि तीन मुले राहिली.

केमेन यांना १९४४ मध्ये राजकीय संशयावरून प्रयोगशाळेतून काढून टाकण्यात आले. युद्धानंतर अणुभट्ट्यांतून कार्बन-१४ विपुल मिळू लागला. तो वापरून मेल्विन कॅल्विन, बेन्सन आणि सहकाऱ्यांनी पानातील रासायनिक चक्र उलगडले आणि १९६१ चे नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळाले. नोबेल मृतांना दिले जात नाही हे खरे, पण केमेन आणि बेन्सन तर हयात होते.

कृषिशास्त्रज्ञांनी हाच अणू शेतात नेला. रोपाभोवती हवाबंद पेटी बसवून आत खूण केलेला कर्बवायू सोडावयाचा आणि नंतर पाला, मुळे, माती आणि मातीतून निघणारा वायू वेगवेगळे मोजावयाचे, ही ती पद्धत. गहू, जव यांसारखी तृणधान्ये ग्रहण केलेल्या कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्के जमिनीखाली पाठवितात, असे त्यातून दिसून आले. त्यातला निम्म्याच्या आसपास मुळांत राहतो, सुमारे एकतृतीयांश मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून पुन्हा हवेत जातो आणि उरलेला माती व तिच्यातील जीवाणूंच्या वाट्याला येतो. कुरणातील गवतांत जमिनीखालचा हिस्सा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. धान्यपिकांत तो कोवळ्या वयात अधिक असतो आणि दाणा भरू लागला की घटत जातो.