नदीकाठच्या प्राण्यांचा कथाकार

पाणउंदीर, बॅजर, जमिनीखाली बीळ करून राहणारा मोल आणि मोटारींचे वेड लागलेला बढाईखोर बेडूक यांना माणसाचे मन बहाल करणारे केनेथ ग्रॅहम हे व्यवसायाने बँक अधिकारी होते. ८ मार्च १८५९ रोजी एडिंबरो येथे त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना आईचे निधन झाले. मद्याच्या आहारी गेलेल्या वडिलांनी चारही मुलांना आजीच्या स्वाधीन केले. बर्कशायरमधील तिच्या घरापासून थेम्स नदी जवळच होती. तो नदीकाठ ग्रॅहम यांच्या मनात कायमचा वसला.

ऑक्सफर्डला शिकण्याची त्यांची उत्कट इच्छा होती. मात्र काकांनी खर्चास नकार दिला आणि १८७९ मध्ये त्यांना बँक ऑफ इंग्लंडमध्ये कारकुनी पत्करावी लागली. तेथेच ते १८९८ मध्ये बँकेचे सचिव झाले. १९०३ मध्ये बँकेत शिरलेल्या एका माथेफिरूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सुदैवाने ते बचावले.

एल्स्पेथ थॉमसन यांच्याशी १८९९ मध्ये झालेला त्यांचा विवाह फारसा सुखाचा ठरला नाही. पुढच्याच वर्षी जन्मलेला एकुलता एक मुलगा अ‍ॅलिस्टर एका डोळ्याने अंध होता. त्याला झोपवताना ग्रॅहम या प्राण्यांच्या गोष्टी रचून सांगत. १९०७ मध्ये मुलगा दूर असताना बेडकाचे पराक्रम पत्रांतून त्याच्यापर्यंत पोहोचू लागले. त्याच्या गव्हर्नेसने ही पत्रे जपून ठेवली. त्यांतूनच १९०८ मध्ये ‘द विंड इन द विलोज’ साकारले. समीक्षकांनी आरंभी त्याचे थंड स्वागत केले; परंतु अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ते मनापासून आवडले. पुढे ए. ए. मिल्न यांनी १९२९ मध्ये ते रंगभूमीवर आणले.

वडिलांना न लाभलेल्या ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलिस्टरला प्रवेश मिळाला. तेथेच मे १९२० मध्ये, विसावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना, रेल्वेमार्गावर त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर ग्रॅहम यांनी फारसे लिहिले नाही.

६ जुलै १९३२ रोजी थेम्सकाठच्याच पँगबोर्न येथे त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्डच्या होलीवेल दफनभूमीत मुलाशेजारी ते विसावले आहेत. पुस्तकाचे मानधन त्यांनी मृत्युपत्राद्वारे ऑक्सफर्डच्याच बोडलियन ग्रंथालयाला दिले. ज्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून त्यांना पाऊल ठेवता आले नाही, त्याच्या ग्रंथभांडारात अशा रीतीने नदीकाठच्या त्या प्राण्यांनी भर घातली.