महाडच्या पुरातला चंद्र आणि केरूनाना छत्रे

पोलादपूरच्या मुलांना विचारा, समुद्र कुठेय? उत्तर येईल, लांब, तिकडे हरिहरेश्वर-बाणकोटला. मग पावसाळ्यात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरायला लागलं की जुनी माणसं भरतीची वेळ का विचारतात?

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीचं पाणी याच खाडीतून वर चढतं. पूर्वी गलबतं या पाण्यावरच महाड बंदरापर्यंत यायची. पण वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली, की पाण्याचा निचरा अडतो. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, त्याचं मुख्य कारण डोंगरातला प्रचंड पाऊस. पण त्या दिवशी पौर्णिमाही दोनच दिवसांवर होती. म्हणजे उधाणाचे दिवस!

पावसाचा आकडा आपण मोबाईलवर बघतो, भरतीचा बघत नाही. हे गणित मराठी माणसाला मराठीतून समजावं म्हणून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक माणूस धडपडत होता. तो आपल्याच जिल्ह्यातला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना.

त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षणासाठी ते मुंबईला चुलत्यांकडे आले. हे चुलते म्हणजे 'बाळमित्र' हे पुस्तक मराठीत आणणारे सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये प्रोफेसर ऑर्लिबार यांनी या हुशार पोराला हेरलं आणि कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला घेतलं. तेव्हा केरूनाना जेमतेम कॉलेजच्या वयाचे होते. ठरलेल्या वेळी यंत्रं बघायची, आकडे लिहायचे, पुन्हा तेच. वाचायला बोअरिंग वाटतं, पण या कामात त्यांनी दहाएक वर्षं काढली. मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ ला. त्यामुळे पदवी वगैरे काही नव्हती. गणित आणि खगोलशास्त्र त्यांनी बरंचसं स्वतःच वाचून पक्कं केलं.

१८४८ ला मुंबईत तरुणांनी ज्ञानप्रसारक सभा काढली. शास्त्राच्या गोष्टी लोकांना लोकांच्या भाषेत सांगायच्या, हा तिचा हेतू. केरूनानांनी तिथे मराठीतून निबंध वाचले. हवा हा एक विषय होता, भरती-ओहोटी हा दुसरा. मराठीत शास्त्राची पुस्तकंच फारशी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पुढे पुण्यात शिकवताना त्यांनी पदार्थविज्ञानाचं आणि अंकगणिताचं पुस्तकही मराठीत लिहिलं. डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे गणित शिकलेल्यांमध्ये लोकमान्य टिळक होते.

त्यांचं सगळ्यात धाडसाचं काम पंचांगाचं. जुन्या पंचांगातले ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह यांचा मेळ बसत नव्हता. केरूनानांनी १८६० ला 'ग्रहसाधनांची कोष्टके' हा ग्रंथ काढला आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने नवं, पटवर्धनी पंचांग सुरू झालं. विरोध झाला. सणवार आणि मुहूर्त यांच्याशी खेळ कोण चालवून घेणार? सगळ्यांनी ते स्वीकारलं नाही, पण केरूनाना मागे हटले नाहीत. १९ मार्च १८८४ ला ते गेले.

पंचांगाचा आणि समुद्राचा काय संबंध, असं वाटेल. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून आकाशात किती पुढे गेला त्याचं माप, दर तिथीला १२ अंश. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ एकमेकांना काटकोनात, म्हणून पाणी कमी चढतं. त्याला कोळी भांग म्हणतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावर याचा सोपा हिशोब आहे. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. चतुर्थीला भरती ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या. ही वेळ किनाऱ्याची. खाडीतून वर महाडकडे पाणी चढायला आणखी वेळ लागतो.

तो किती, हे महाड-पोलादपूरच्या कॉलेजांतल्या मुलांना शोधता येईल. तिथी, किनाऱ्यावरची भरतीची वेळ, पोलादपूरचा पाऊस आणि महाडच्या पुलाखालचं पाणी, या चार गोष्टी एक पावसाळाभर वहीत लिहायच्या. पाणी सुरक्षित अंतरावरूनच बघायचं आणि इशारा आला की वही बंद. पुढच्या वेळी दुकानातला माल कधी वर चढवायचा, हे ठरवायला ती वही नक्की कामाला येईल. कुलाब्याला केरूनाना वेगळं काय करत होते?